गाण्याचा कान

मसुरीच्या डाळीएवढा तो नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तुकडा चिमट्यात धरून शालनने खिडकीच्या उजेडाकडे नेला — करडा, एका अंगाने चपटा झालेला, पाठीला चाळीस वर्षांपूर्वीचा गोंद, पिवळा पडलेला, नखाने खरवडला की भुगा होणारा... कॅसेटच्या तोंडाशी पितळेची एक बारीक पट्टी असते, तिच्यावर हा बसवायचा, म्हणजे फीत मागून दाबली जाते आणि डेकच्या हेडला नीट टेकून सरकते. हा निसटला की गाणं लांब जातं, शेजारच्या इमारतीत कुणीतरी लावल्यासारखं. हे सगळं तिला माहीत होतं, आणि आपल्याला हे माहीत आहे याचं तिला पस्तीस वर्षांनंतरही मधूनच नवल वाटायचं — गॅसवर कुकर, ओट्यावर निवडून ठेवलेली मेथी, आणि आपण जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, कुठल्याशा पडेल सिनेमाच्या कॅसेटची डागडुजी करतो आहोत.

"बसला का?" हरिचंद्रने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"बसतोय," ती म्हणाली, आणि मग लक्षात येऊन तेच पुन्हा म्हणाली, जरा जाड आवाजात. ओरडून उपयोग नसतो. बारीक आवाज मोठा केला तरी तो बारीकच राहतो. खालच्या पट्टीत, छातीतून बोललं की त्याला कळतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कधी शिकलो हेही आठवत नव्हतं. शेजारच्या विनिताने एकदा विचारलं होतं, वहिनी, तुमचा घसा बसलाय का हल्ली... आणि शालनने मान हलवून हो म्हटलं होतं.

अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात हरिचंद्रची एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली. घरी आला की तो पहिला अर्धा तास कुणाशी बोलायचा नाही, डोक्यातला घरघराट उतरू द्यायचा, आणि मग हातपाय धुऊन, एखाद्याने देवापुढे बसावं तसा डेकपुढे बसायचा. बदलापूरला, शिरगावच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीची एक पूर्ण भिंत कॅसेटच्या कपाटांची होती. सगळी सिनेमाची गाणी, सगळ्या मूळ कंपनीच्या कॅसेट, एकही नक्कल नाही. मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं तर हे कशाला, असं कुणी विचारलं की तो वाद घालत नसे. म्हणायचा, मोबाइलवर गाणं धुऊन-पुसून ठेवलेलं असतं, तसं पाहुण्यांना बरं. मला घरातलं लागतं. अशा कॅसेट जमवणाऱ्यांचा एक गट होता, पार नाशिक-कोल्हापूरपर्यंतची माणसं त्यात होती, आणि एखादी कॅसेट घ्यावी की नाही असा प्रश्न आला की ती विचारायची, हरिचंद्रकाकांनी ऐकली का? त्याने ऐकली असली की संपलं.

त्याने ऐकली असली की... शालनने तुकड्याला कणभर गोंद लावला, पट्टीवर टेकवला आणि श्वास धरून मोजलं, एक, दोन, तीन. त्याने ऐकली म्हणजे मी ऐकली. गेली तीन वर्षं.

लग्नानंतर त्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली होती. घरात कपाट यायच्या आधी रेडिओ-टेपचा टू-इन-वन आला. सासूबाई, ठमाबाई, गावाहून तांदूळ घेऊन आल्या की त्या यंत्राकडे संशयाने बघत बसायच्या — "त्या डब्यान काय हाय र हरी?" — आणि हरी आईला काहीतरी थातुरमातुर सांगून बायकोला हाक मारायचा. शालन, जरा ये ना. हात कणकेत असायचे. ती तशीच उंबऱ्याशी येऊन उभी राहायची, गाणं ऐकायची आणि म्हणायची, छान आहे. तिला परत आत जायचं असायचं, तवा तापलेला असायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो म्हणाला होता — रागाने नाही, त्याला रागावणं कधी जमलंच नाही — छान आहे असं म्हणायचं नाही. छान आहे म्हणजे ऐकलं नाही. काय ऐकू आलं ते सांग.

मला गाण्यातलं काही कळत नाही, ती म्हणाली होती.

गाण्यातलं नको. काय ऐकू येतं ते.

मग ती हळूहळू सांगायला लागली. मागे पीठ चाळल्यासारखं काहीतरी येतं... ती सरसर, तो म्हणाला. बाई गाताना मध्येच हिंदोळ्यावर बसल्यासारखी होते... तो हेलकावा, मोटरीचा पट्टा सैल झाला. आणि एकदा, पहिल्या उन्हाळ्यात, ती घाबरूनच म्हणाली होती की गाणं सुरू व्हायच्या आधीच ती बाई गाते, फार लांबून, अगदी अस्पष्ट, आणि मग खरी गाते... त्यावर तो उठून उभाच राहिला होता. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, फार थोड्यांना ऐकू येतो तो. त्याचं मराठी नाव त्यालाही माहीत नव्हतं. दोघांनी मिळून ठेवलं, चाहूल. त्या दिवशी त्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर नंतर मुलगी झाली तेव्हाही... नाही, ती वेगळी होती. ही नजर म्हणजे जणू तिच्यात कुणीतरी आणखी एक बाई राहत होती आणि ती त्याला अचानक दिसली होती.

कुकरची शिट्टी झाली. शालनने सवयीने बाहेर पाहिलं. हरिचंद्र खुर्चीत शांत बसून होता, पेपरचं पान उलटत होता.

तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका गृहस्थांनी कॅसेट परत पाठवली होती. तुम्ही स्वच्छ म्हणालात, पण सरसर फार आहे. हरिचंद्र दिवसभर ती लावून बसला. त्याला सरसर मिळेना. संध्याकाळी त्याने तिला हाक मारली, आणि ती दारातूनच, पाच पावलांवरून, ती सरसर ऐकत होती — पत्र्यावर बारीक वाळू ओतत राहावं तशी. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "त्यांचाच डेक खराब असेल," ती म्हणाली. "मला तर छान वाटतेय."

तेव्हापासून हे सुरू झालं. तो ऐकायचा, मग तिला विचारायचा, आणि ती उत्तर असं काही वळवून द्यायची की ते त्यालाच सुचल्यासारखं वाटावं. ही बरी आहे, पण मागची बाजू जरा सरसरीने भरलेली वाटली ना? असं. पुण्याहून वैदेही फोनवर म्हणायची, आई, बाबांचे कान तपासून घे, तू किती दिवस झाकणार आहेस? सासरी गेलेली मुलगी डॉक्टरांची नावं पाठवत राहायची. शालन म्हणायची, बघू, गणपती होऊ देत. गणपती झाले की दिवाळी. तिला तो दवाखान्यातला क्षण नको होता — कानावर ते यंत्र लावून काचेच्या पेटीत बसलेला हरिचंद्र, आवाज आला की बोट वर करायला सांगितलेला, आणि बोट वर होत नाहीये...

आज उल्हासनगरला जायचं होतं. हरेशचा फोन आला होता. कॅम्प दोनमध्ये हरेशचं दुकान. एके काळी जमिनीपासून छतापर्यंत कॅसेट असलेलं, आता मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणारं. त्याच्या मुलाला वरचा माळा गोदामासाठी हवा होता, म्हणून तो जुनी खोकी खाली उतरवत होता, आणि त्यात ती निघाली होती. एकच नाही, दोन. त्र्याऐंशी सालचा सिनेमा, दोन आठवडेसुद्धा चालला नव्हता, त्याची कॅसेट हरिचंद्र अठरा वर्षं शोधत होता. दोन्ही मूळ कंपनीच्या. पहिली निवड हरिभाऊंची, हरेश म्हणाला होता, उरेल ती कैलासला. कैलास हा विठ्ठलवाडीचा, शाळेत चित्रकला शिकवायचा, पंचेचाळिशीतला माणूस. हरिचंद्रला गुरू मानायचा. तो हरिचंद्रने निवडलेली प्रत कॉम्प्युटरवर उतरवून घेणार होता आणि सगळ्या गटाला पाठवणार होता. सगळे ऐकणार होते. हे शालनच्या मनात सकाळपासून एखाद्या कुसळासारखं रुतून बसलं होतं.

स्कूटरवर ती नेहमीसारखी मागे बसली. उजव्या खांद्यावर एक बोट म्हणजे मागून गाडी येतेय, दोन बोटं म्हणजे मोठी गाडी. डाव्या खांद्यावर तळहात म्हणजे बाजूला घ्या. याबद्दल ते कधी बोलले नव्हते. वाऱ्यामुळे हेल्मेटमधून ऐकू येत नाही, असं एकदा तो म्हणाला होता, एवढंच. बदलापूर मागे पडलं, अंबरनाथच्या कारखान्यांच्या भिंती आल्या, मग उल्हासनगरची गर्दी, फर्निचरची दुकानं, पापडाचा वास... तिची बोटं त्याच्या खांद्यावर सारखी उठत-टेकत होती. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई मनातल्या मनात ताल धरून बसली आहे.

"भाभी, बसा ना, पंखा लावतो," हरेश म्हणाला. सत्तरीला आलेला, पांढऱ्या सफारीतला माणूस. कैलास आधीच येऊन बसला होता. हरिचंद्रने त्याला सकाळी दुरुस्त केलेली कॅसेट दिली, ती त्याच्यासाठीच होती. कैलासने ती कपाळाला लावून खिशात ठेवली. काउंटरच्या खालून हरेशने जुना डेक वर काढला. मग दोन कॅसेट काचेवर ठेवल्या. एकीचं पारदर्शक वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं. दुसरीच्या कव्हरवर बॉलपेनने कुणीतरी लिहिलं होतं, चिमी, आणि तारीख.

"पहले नवीवाली," हरेश म्हणाला. ब्लेडने त्याने वेष्टनाची कड कापली. इतकी वर्षं आत कोंडलेला एक वास बाहेर आला, नव्या वहीसारखा.

गाणं सुरू झालं. आधी व्हायोलिनं, मग ढोलक, आणि मग, गाणारीने पहिला शब्द उच्चारायच्या आधीच, त्या सगळ्याच्या वर एक शिट्टी. चहावाल्याच्या स्टोव्हला पिन मारायच्या आधी येते तशी, बारीक, चिवट, न थांबणारी. शालनच्या दातांपर्यंत ती पोचली. ढोलकाच्या मागे जात नव्हती, व्हायोलिनांत मिसळत नव्हती, नुसती वर राहत होती.

हरिचंद्र डोकं किंचित कलतं करून ऐकत होता.

आता तो म्हणेल, सोनं आहे. तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं. मला वाटतं दुसरीही ऐकून घ्यावी... नाही, ते कैलासला कळेल. या दुकानात बरोबर येत नाहीये, पंख्याचा... हरेशभाई, पंखा बंद करता का... ती शब्द शोधत होती आणि शोधताना तिची नजर कैलासवर गेली. कैलास मोबाइलवर अंगठा फिरवत होता. मोबाइलचा पडदा काळा होता. तिने हरेशकडे पाहिलं. हरेश पिवळ्या फडक्याने काउंटरची काच पुसत होता, एकाच जागी, पुसलेलीच जागा पुन्हा.

त्यांना ऐकू येत होतं.

त्यांना ऐकू येत होतं आणि ते बोलत नव्हते. म्हणजे हे आजचं नव्हतं. कैलास महिन्यातून एकदा घरी यायचा, हरिचंद्रशेजारी बसून ऐकायचा, बरोबर आहे काका, म्हणायचा... किती दिवस? आणि मी समजत होते की मी एकटीच हा पडदा धरून उभी आहे. पडद्याची दुसरी टोकं या दोघांच्या हातात होती, आणि आम्ही तिघं एकमेकांना न सांगता... तिला एकदम रडूही आलं आणि हसूही, आणि ते दोन्ही लपवायला तिने नवऱ्याकडे पाहिलं.

तो डेककडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या जरा वर, दोन भुवयांच्या मध्ये.

आणि तिला घरची खुर्ची आठवली. वर्षानुवर्षं ती खुर्ची डेकच्या समोर होती. मग एके दिवशी हरिचंद्रने ती फिरवून ठेवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, म्हणाला, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं. तो बसायचा संध्याकाळी, आणि दुपारी चारनंतर त्या खिडकीत ऊन नसतं. ती दारात येऊन उभी राहायची, ऐकायची, शब्द वळवून-वळवून उत्तर द्यायची, आणि तो ते उत्तर लक्ष देऊन ऐकायचा, असं तिला वाटायचं. तो ऐकतच नव्हता. तो बघत होता.

"बंद कर, हरेश," हरिचंद्र म्हणाला. "दुसरी लाव."

"सीलबंद आहे, हरिभाऊ."

"म्हणूनच. चाळीस वर्षं एकदाही फिरली नाही ती. फीत चिकटली असणार. चिकटली की शिट्टी मारते." मग कैलासकडे वळून त्याने शांतपणे समजावलं, ही तू घे, पण आठवडाभर ऐकू नकोस, नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, मोकळी होईल. कैलास हो काका, हो काका म्हणत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी पसरत होतं.

चिमी नावाच्या कुणा मुलीची कॅसेट लागली. शालनला आता आपला चेहरा कुठे ठेवावा ते कळेना. फोटो काढताना होतं तसं कपाळ, गाल, ओठ सगळं वेगवेगळं जाणवायला लागलं. शिट्टी नव्हती. सरसर होती, थोडीच. कुणीतरी ही पुष्कळदा, प्रेमाने वाजवलेली होती. तिने कपाळ सैल सोडायचा प्रयत्न केला आणि त्याच वेळी तो म्हणाला, "ही."

परतताना तिने खांद्यावर बोट ठेवलं नाही. तिला राग आला होता, आणि राग कशाचा ते नीट हाती लागत नव्हतं. तीन वर्षं मी जीभ वाकवत राहिले. देवासमोर खोटं बोलल्यासारखं वाटायचं मला, झोप यायची नाही. आणि यांना ठाऊक होतं. यांनी मला खोटं बोलू दिलं... मग वाटलं, आपण तरी काय केलं? एका माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच गाण्यांमध्ये आंधळ्यासारखं हाताला धरून फिरवलं आणि त्याला ते कळू नये एवढी काळजी घेतली, जणू त्याला न कळणं हेच मोठं. मागून हॉर्न वाजत होता. तिला तो ऐकू येत होता, आणि हात मांडीवरच होते. मग अगदी शेजारून एक टँकर गेला, त्याच्या वाऱ्याने स्कूटर हलली, आणि तिने दोन्ही हातांनी हरिचंद्रचे खांदे घट्ट धरले.

त्याने पुढे वळण घेतलं. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वालधुनी नदीच्या अलीकडे एक रसवंती होती. तिथे तो थांबला. हेल्मेट काढलं, बाकावर बसला, दोन ग्लास सांगितले.

रसवाल्याने चाक फिरवायला सुरुवात केली. चाकाला लाल कापडात ओवलेले घुंगरू होते, फेऱ्यागणिक ते छुमछुमत होते. हरिचंद्र बराच वेळ त्या चाकाकडे पाहत राहिला.

"वाजतायत ना ते?" त्याने विचारलं.

तिने हो म्हटलं नाही, नुसती मान हलवली. मग वाटलं, आता पुरे. "वाजतायत," ती म्हणाली, त्या खालच्या, जाड आवाजात.

त्यानेही मान हलवली. रस आला. त्याने आपला बर्फ काढून टाकला, तिच्या ग्लासमधलाही काढला, तिला दातांना लागतो म्हणून. तिने विचारलं, कधी कळलं तुम्हाला?

"तू छान आहे म्हणायला लागलीस तेव्हा."

ती ग्लासकडे बघत राहिली. रसावरचा फेस फुटत होता. एवढ्या वर्षांत, त्या खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, तो शब्द तिच्या तोंडून गेलाच नव्हता; आणि नाशिकची कॅसेट आली तेव्हा पहिला तोच आला होता.

"मग बोलला का नाहीत?"

मंदिराकडून दोन बायका नारळ घेऊन येत होत्या, त्या जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मला ऐकू येत नाही म्हटल्यावर कॅसेट कशाला लावल्या असत्या? आणि लावल्याच नसत्या तर तुला हाक कशाला मारली असती? तू कामात असतेस दिवसभर."

तिला तो पस्तीस वर्षांपूर्वीचा तवा आठवला, तापलेला, आणि परत आत जायची आपली घाई. तिने पदराने ओठ पुसले. तो डॉक्टरांकडे जाईन म्हणाला, आपणहून. वैदेहीने पाठवलेली नावं काढ म्हणाला. कानाचं यंत्र रस्त्यावर लागेल, तुझं बोलणं ऐकायला लागेल. गाण्याचं मात्र सांगता येत नाही. कारखान्यातला एक जोडीदार ते घालतो, त्याला सगळी गाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटतात. बघू, तो म्हणाला. मग जरा वेळाने, लहान मुलासारखा पुढे झुकून, "कशी होती ती शिट्टी?"

"स्टोव्हसारखी. पिन मारायच्या आधीची. सगळ्याच्या वर, वेगळी."

"मधून थांबत होती?"

"नाही. पण गाणारी वरच्या सुरात गेली की जरा कापायची."

"म्हणजे चिकटलीच आहे फीत," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं.

तिथून घरापर्यंत तिची बोटं पुन्हा त्याच्या खांद्यावर होती.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला, मेथी फोडणीला टाकायची राहिली होती ती टाकली, आणि बाहेर आली तर त्याने खुर्ची हलवली होती. जेवणाच्या टेबलाची आणखी एक खुर्ची आणून तिच्या शेजारी ठेवली होती, दोन्हींची तोंडं डेककडे. शेजारी बसलं की एकमेकांचा चेहरा दिसत नाही. ती तिथे जरा घुटमळली. पस्तीस वर्षांत ती डेकपुढे अशी कधी बसली नव्हती. दारात उभी राहायची, नाहीतर हात पुसत येऊन हात पुसत जायची.

"बस," तो म्हणाला. "आता तोंडाने सांग."

त्याने चिमीची कॅसेट लावली. बाहेर संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन होतं. फीत सरकायला लागली, आणि शालन कामाला लागावं तशी सांगू लागली — सरसर आहे, मंद, तांदूळ पाखडल्यासारखी, डावीकडचा आवाज किंचित दबलेला, हेलकावा नाही. तो हं, हं म्हणत होता. मग गाणारीने पहिली ओळ घेतली आणि शालन दोष शोधत राहिली, एखाद्या ताटातले खडे वेचावेत तशी, एकही मिळेना. सांगण्यासारखं काही मिळेना तेव्हा ती गप्प झाली, आणि गप्प झाल्यावर गाणं तिच्याकडे यायला लागलं.

हे काय आहे... ती इतकी वर्षं गाणी ऐकत होती आणि तिला एका गाण्याची दुसरी ओळ पाठ नव्हती. कुठल्या सिनेमात कोण कुणासाठी गातं ते माहीत नव्हतं. तिला फक्त त्यांचे आजार माहीत होते. ही बाई तर नुसतं गातही नव्हती, कुणालातरी समजावत होती, आणि ज्याला समजावत होती तो ऐकत नाहीये हे तिला माहीत होतं, तरी समजावत होती... आणि दुसऱ्या कडव्यात, ओळ संपल्यावर, जिथे सगळी वाद्यं क्षणभर थांबतात, तिथे एक टिण् झालं. फार लहान. लोखंडाच्या त्रिकोणावर सळई टेकवल्यासारखं, किंवा कुणाच्या तरी बांगडीला बांगडी लागल्यासारखं. पुढच्या ओळीनंतर पुन्हा. कुणीतरी माणूस चाळीस वर्षांपूर्वी त्या खोलीत हातात एवढीशी वस्तू घेऊन उभा होता, आणि त्याचं काम फक्त एवढंच होतं.

तिने न वळता, डोळ्यांच्या कडेने पाहिलं. हरिचंद्रचे डोळे मिटलेले होते, बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. तो ऐकत होता. पण कुठलं? विसाव्या वर्षी एखाद्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेलं, जसंच्या तसं आत साठवलेलं? त्यात हे टिण् होतं का? नसेल, तर ते त्याने कधीच ऐकलेलं नाही. अठरा वर्षं शोधून आणलेल्या गाण्यातला हा एवढासा तुकडा त्याच्या वाट्याला आलाच नाही, आणि आता डॉक्टर, यंत्र, काहीही झालं तरी कदाचित... सांगावं? सांगितलं तर त्याला आनंद होईल, की जिच्याशिवाय तो सुखाने ताल धरून बसला आहे ती जागा एकदम रिकामी दिसायला लागेल? तिला ठरवता येईना. आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे, हे न ठरवता येण्याच्या खाली, मनाच्या अगदी तळाशी, तिला वाटत होतं की हे आपलं आहे. कुणी हाक मारली म्हणून नाही, कुणासाठी पारखायचं म्हणून नाही. ते माझ्याकडे आलं. याची तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटत नव्हती.

कडवं संपलं. टिण्.

"सांग ना," हरिचंद्र डोळे न उघडता म्हणाला.

"थांबा जरा," शालन म्हणाली, आपल्या नेहमीच्या, बारीक आवाजात; त्याला ऐकू गेलं की नाही ते तिने पाहिलं नाही. "ऐकतेय मी."

तिसरं कडवं सुरू होत होतं. ती खुर्चीत जरा पुढे सरकून बसली.